विश्वकोशातील नोंद आणि महापदेशांची कसोटी

महापरिनिब्बान सुत्तात तथागतांनी भोगनगर येथील आनंद चेतियात भिक्खूंना चार महापदेश सांगितले आहेत. एखादे वचन कोणी प्रत्यक्ष भगवंतांच्या नावाने सांगेल. कोणी संघाच्या, कोणी अनेक स्थविरांच्या, तर कोणी एका बहुश्रुत स्थविराच्या नावाने सांगेल. ते लगेच स्वीकारू नये वा धिक्कारू नये. सुत्त आणि विनय यांच्याशी पडताळून पाहावे, असा त्या उपदेशाचा आशय आहे. सांगणाऱ्याच्या थोरवीपेक्षा सांगितलेले पडताळता येते काय, हे येथे महत्त्वाचे ठरते.

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील धम्मकार्य करणाऱ्या संस्थांची नोंद विकिपीडियावर व्हावी काय, या प्रश्नाचा विचार करताना हीच दृष्टी उपयोगी पडते. २००१ साली सुरू झालेल्या या इंटरनेटवरील विश्वकोशाची मराठी आवृत्ती २००३ पासून आहे. तेथे कोणालाही लिहिता येते. परंतु प्रत्येक विषयाला स्वतंत्र लेख मिळत नाही. त्यासाठी ‘उल्लेखनीयता’ सिद्ध व्हावी लागते.

उल्लेखनीयता म्हणजे संस्थेची थोरवी नव्हे. संस्थेशी हितसंबंध नसलेल्या लेखकांनी, विश्वसनीय प्रकाशनांत, तिच्याविषयी सविस्तर लिहिलेले असणे, आणि असे एकाहून अधिक लेखन उपलब्ध असणे, ही ती कसोटी होय. संस्थेची स्मरणिका, वार्षिक अहवाल किंवा नोंदणी प्रमाणपत्र यांवरून स्थापनेचे वर्ष सांगता येईल. उल्लेखनीयता सिद्ध होणार नाही. संस्थापकाची कीर्तीही आपोआप संस्थेकडे येत नाही. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली स्थापन केलेल्या भारतीय बौद्ध महासभेवर लेख असणे उचितच आहे. मात्र तिच्या एखाद्या तालुका शाखेची माहिती सामान्यतः त्याच लेखात समाविष्ट होईल.

नांदेड जिल्ह्यातील दाभड येथील बावरीनगर महाविहाराचे उदाहरण घ्या. तेथे पौष पौर्णिमेनिमित्त भरणाऱ्या धम्म परिषदेस मोठा जनसमुदाय जमतो. परिषदेच्या आयोजकांनी पाठविलेले निवेदन वृत्तपत्राने जसेच्या तसे छापले, तर ती संस्थेचीच वाणी ठरते. परंतु एखाद्या वार्ताहराने वा अभ्यासकाने स्वतः चौकशी करून परिषदेचा इतिहास आणि परिसरावरील परिणाम मांडला, तर ती स्वतंत्र साक्ष होय.

ही कसोटी आपल्या समाजावर अधिक कठोरपणे येते, हे नाकारता येत नाही. ज्यांना शतकानुशतके लेखणी नाकारली गेली, त्यांनी उभारलेल्या वसतिगृहांची आणि विहारांची दखल इतरांनी क्वचितच घेतली. कार्य झाले, पण साक्ष लिहिली गेली नाही. तरीही आत्मस्तुतीने ही उणीव भरून निघणार नाही. कार्यकर्त्याने स्वतःच्या संस्थेवर लेख लिहिणे टाळावे. तेथे चर्चापानावर आपला संबंध स्पष्ट सांगून आधार सुचवावेत, हा प्रामाणिक मार्ग आहे.

त्याआधीचे काम मात्र आपल्या हाती आहे. सभांच्या इतिवृत्तवह्या, पत्रव्यवहार, जुनी छायाचित्रे जपून अभ्यासकांना खुली करावीत. वयोवृद्ध उपासक-उपासिकांच्या आठवणी तारीखवार नोंदवाव्यात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील संशोधक विद्यार्थ्यांना हे विषय सुचवावेत, आणि त्यांनी दोषही लिहिले तर रुष्ट होऊ नये. दोष लिहिण्याची मोकळीक असलेली साक्षच स्वतंत्र मानली जाते.

महापदेशांत आणि या नियमात एक भेद मात्र ध्यानी ठेवावा. सुत्त-विनयाशी न जुळणारे वचन भगवंतांचे नव्हे, असा तेथे निर्णय होतो. विश्वकोशात नोंद नाही, याचा अर्थ कार्य खोटे वा क्षुद्र आहे असा होत नाही. साक्ष अद्याप अपुरी आहे, एवढाच त्याचा अर्थ. आणि ती पुरी करणे हेही धम्मकार्यच आहे.