गंजलेला नट आणि बैलगाडीची धाव

म्हैसूरहून मडिकेरीकडे निघाले म्हणजे सुमारे ४५ किलोमीटरांवर, लक्ष्मणतीर्थ नदीच्या काठी, हुणसूर हे गाव लागते. येथून एक वाट नागरहोळेच्या अरण्याकडे वळते; मुख्य रस्ता कुशालनगरवरून पुढे जाऊन कुर्गचा घाट चढू लागतो. एकोणिसाव्या शतकात हुणसूर हे अमृतमहाल गुरांच्या सरकारी खात्याचे मोठे ठाणे होते. सैन्याच्या तोफा आणि सामान ओढणारे ते बैल त्या काळी प्रसिद्ध होते. जेथे बैल तेथे गाडे, आणि जेथे गाडे तेथे चाकाला लोखंडी धाव चढविणारा लोहार हा आलाच. बैलांची जागा आता मोटारींनी घेतली आहे. पण त्या लोहाराची विद्या मोटारीच्या युगातही वाया गेलेली नाही. ती कशी, हे एका क्षुद्र भासणाऱ्या वस्तूच्या उदाहरणावरून पाहण्यासारखे आहे. ती वस्तू म्हणजे गंजून जाम झालेला नट.

हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसडर १९५७ साली बाजारात आली आणि २०१४ साली तिचे उत्पादन थांबले. अशी एखादी जुनी गाडी कुर्गच्या पावसात अनेक वर्षे हिंडून हुणसुरातील एखाद्या गॅरेजात आली आहे, अशी कल्पना करावी. चढावर इंजिनातून टक्‌टक् असा आवाज येतो. इंजिन तापले की तो काहीसा मंदावतो. अनुभवी मिस्त्रीला निदानास वेळ लागत नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांतून निघणारा जळका वायू एकत्र करून सायलेन्सरकडे नेणारे ओतीव लोखंडाचे नळकांडे, याच्या सांध्यातील गॅस्केट जळाले आहे. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही. त्या फटीतून निसटणाऱ्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो गाडीत शिरला तर चालकाला आधी डोके दुखल्यासारखे वाटते, मग गुंगी येते, आणि घाटातल्या वळणावर गुंगीचा अर्थ काय होतो हे सांगावयास नको.

गॅस्केट ही थोड्या पैशांची वस्तू. परंतु ते बदलण्यासाठी मॅनिफोल्ड काढावे लागते, आणि मॅनिफोल्ड ज्या स्टडांवर नटांनी आवळलेले असते, ते नट वर्षानुवर्षे तापत, निवत आणि भिजत आलेले असतात. त्यातून या इंजिनात हवा आत घेणारे व धूर बाहेर टाकणारे, अशी दोन्ही नळकांडी एकाच अंगाला आहेत, आणि त्यांच्या डोक्यावर कार्बुरेटर बसलेला आहे. खालच्या बाजूचे नट डोळ्यांना दिसत नाहीत. ते बोटांनी चाचपून ओळखावे लागतात. अशा ठिकाणी एखादा स्टड मोडला, तर अर्ध्या दिवसाच्या कामासाठी इंजिनाचे हेड उतरवण्याची वेळ येते.

नट अडतो तो कशामुळे? लोखंड गंजते म्हणजे ते ऑक्सिजन व पाणी यांच्याशी संयोग पावते, आणि तयार होणारा गंज मूळ धातूच्या दुपटीहूनही अधिक जागा व्यापतो. नट व स्टड यांच्या आट्यांमध्ये केसाएवढी फट असते. गंज तीत पाचरीसारखा ठासून बसतो. उष्णता या कामाला वेग देते. म्हणून अडलेला नट हा अधिक घट्ट आवळलेला नट नव्हे; त्याच्या आट्यांत पाचर बसली आहे, इतकेच. पाचर सैल न करता पान्याला लांब नळी लावून जोर केला, तर जोर जातो तो सर्वांत दुबळ्या भागावर, आणि उष्णतेने झिजलेला स्टड हाच तो भाग असतो. तो तुटताना आधी सूचना देतोच असे नाही.

म्हणून शहाणा कारागीर पहिल्या दिवशी नटाला पाना लावीतच नाही. तो बॅटरीची तार सोडतो आणि एअर क्लीनर व कार्बुरेटर उतरवून जागा मोकळी करतो. हाताला जागा नसली की पाना तिरका बसतो, आणि तिरक्या पान्याने नटाचे कोपरे गोल होतात. मग तारेच्या ब्रशाने उघडे आटे घासून त्यांवर पातळ, झिरपणारे तेल सोडावयाचे, नटावर हातोडीने हलके ठोके द्यावयाचे, आणि रात्रभर थांबावयाचे. दिव्याच्या वातीत तेल जसे चढते, तसेच ते त्या बारीक फटीत शिरते. ठोक्यांनी गंजाला तडे जातात व तेलाला वाट मिळते.

दुसरी गोष्ट मापाची. या इंजिनाचे नट इंचाच्या मापाचे आहेत. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ मिलिमीटरचा पाना बसल्यासारखा वाटतो. पण तो जो ०.३ मिलिमीटरचा फरक, तोच नटाचे कोपरे खातो. योग्य मापाचा, सहा बाजूंनी धरणारा बॉक्सपानाच येथे हवा. नट प्रथम किंचित आवळण्याच्या दिशेला हलवावा, मग सोडण्याच्या. पाव फेरा पुढे, थोडा मागे, पुन्हा तेल, असे चालावे. मागेपुढे करण्याने गंजाचा भुगा होऊन बाहेर पडतो. एकाच दिशेने रेटल्यास तोच भुगा आट्यांत दाटतो.

इतके करूनही नट हलला नाही, म्हणजे लोहाराची विद्या कामी येते. बैलगाडीच्या चाकापेक्षा धाव किंचित लहान घडवितात. ती विस्तवात लाल केली की वाढते आणि चाकावर सहज चढते. वर पाणी ओतले की आकसून लाकडाला घट्ट आवळते. लोखंडी कडे तापले म्हणजे त्याचे आतले छिद्र लहान होत नाही, मोठे होते, हे त्या लोहाराला पुस्तकाशिवाय ठाऊक होते. नट हेही एक कडेच आहे. ज्योत स्टडावर न धरता नटाच्या अंगावर धरली की स्टड तापण्याआधी नट फाकतो, त्याची पकड ढिली होते, गंजाची पाचर फुटते. निवत असताना मेणबत्तीचे टोक सांध्याला लावले तर वितळलेले मेण आत ओढले जाऊन वंगणाचे काम करते.

मात्र ज्योत पेटविण्यापूर्वी पेट्रोलची नळी बंद केलेली असावी, कार्बुरेटर दूर नेलेला असावा, सांडलेले तेल पुसलेले असावे, वाफ उडून जाण्यास वेळ दिलेला असावा, आणि वाळूची बादली हाताशी असावी. डोळ्यांना चष्मा हवाच. जुन्या गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे, म्हणून उरलेले तुकडे कोरडे घासू नयेत, ओले करून खरवडावेत.

नटाचे कोपरे गेलेच असतील, तर छिन्नीने नट उभा चिरून काढावा. नट नवा मिळतो. स्टड व हेड वाचतात. कधी नटासह स्टडच उलगडून बाहेर येतो. ते नुकसान नव्हे, नवा स्टड बसविता येतो. स्टड मोडून थोडा बाहेर उरला असेल, तर त्यावर नट वेल्ड करून फिरवितात; वेल्डिंगची उष्णताही उपयोगी पडते. अगदी पृष्ठभागाशी तुटला असेल, तर बरोबर मध्यभागी भोक पाडून उलट्या आट्यांची सळई आत आवळावी लागते. ती सळई अतिशय कठीण पोलादाची असते. आतच मोडली तर तिच्यात साधे ड्रिल शिरत नाही. म्हणून हात दमल्यावर, किंवा राग आला असता, हे काम करू नये. तेथे थांबून हेड उतरविणे हेच स्वस्त पडते.

पुन्हा जोडताना आटे स्वच्छ करावेत, पितळी नट वापरावेत व तांबेमिश्रित ग्रीस लावावे. पितळ लोखंडासारखे गंजत नाही. नट मधून बाहेरच्या बाजूकडे, थोडे थोडे, समान आवळावेत. पुढील वेळी हे नट सोडणारा कारागीर कदाचित दुसराच असेल. त्याला ते सहज सुटले, म्हणजे आजचे काम नीट झाले असे समजावे.