मिनिट्स कोण लिहिणार?

आमच्या सोसायटीच्या कमिटीवर बायकांसाठी दोन जागा राखीव आहेत. त्यातली एक रिकामीच असते आणि दुसरीवर मी. चार वर्षांपूर्वी पहिल्या मीटिंगला मी चांगली तयारी करून गेले होते. गच्चीच्या गळतीचं एस्टिमेट, टँकरच्या पाण्याचा हिशेब, सगळं एका कागदावर लिहून नेलं होतं. खुर्चीत बसते न बसते तोच टेबलावरून लाल पुठ्ठ्याची वही सरकत माझ्यापुढे आली. ‘वहिनी, तुमचं अक्षर छान आहे. मिनिट्स तुम्हीच लिहा.’

माझं अक्षर त्यांनी कधी पाहिलं होतं कोण जाणे! पण मीही लाजून-बिजून वही घेतली. तेव्हापासून ती माझ्याकडेच आहे. ज्यांनी कधी मिनिट्स लिहिले असतील त्यांना ठाऊक असेल, लिहिणाऱ्याला बोलता येत नाही. एकाचं म्हणणं कागदावर उतरवेपर्यंत दुसऱ्याचं सुरू झालेलं असतं. आपला मुद्दा मांडायला तोंड उघडावं तर विषय पार्किंगवर गेलेला. माझा तो गच्चीचा कागद अजून पर्समध्येच होता.

हे रडगाणं एकदा जेवताना गात होते, तर लेक म्हणाली, ‘आई, वंडर वूमनचंही सेम झालं होतं.’ मला वाटलं, चेष्टा करते आहे. आमची कॉमिक्स म्हणजे इंद्रजालमधला वेताळ आणि मँड्रेक. वेताळाची डायना पामर तेवढी माहीत, जी संयुक्त राष्ट्रसंघात नोकरी करायची आणि तरी सारखी कुणीतरी पळवून न्यायचं तिला! लेकीचं घर मात्र अमेरिकन सुपरहिरोंनी भरलेलं. तिनं माझ्यापुढे दोन पुस्तकं टाकली. एकात १९४०च्या दशकातल्या जुन्या अंकांचं पुनर्मुद्रण, दुसरं अगदी कोरं करकरीत. ‘दोन्ही वाच, मग बोलू.’ वाचली. आणि त्या जुन्या पुस्तकानं मला खिळवूनच ठेवलं.

सुपरहिरोंची पहिली टोळी १९४० साली ‘ऑल स्टार कॉमिक्स’च्या तिसऱ्या अंकात जमली. नाव काय, तर ‘जस्टिस सोसायटी ऑफ अमेरिका’. म्हणजे इथंही सोसायटीच! फ्लॅश, ग्रीन लँटर्न, हॉकमन वगैरे आठ पुरुष टेबलाभोवती बसून जेवताहेत आणि आपापले पराक्रम सांगताहेत. पुढचे अंकही त्याच साच्यातले. सुरुवातीला मीटिंग, मग एकेकाचं स्वतंत्र साहस, शेवटी पुन्हा मीटिंग. वाचताना मला आमची कमिटी आठवत होती, फक्त यांना मुखवटे होते आणि जेवण बरं होतं.

१९४१च्या शेवटी, आठव्या अंकात, वंडर वूमनची पहिली कथा आली. तिला जन्माला घातलं विल्यम मोल्टन मार्स्टन या मानसशास्त्रज्ञानं. खोटं पकडायच्या यंत्रामागे जी रक्तदाबाची चाचणी आहे, ती त्याचीच. फक्त बायकांच्या बेटावर वाढलेली राजकन्या डायना, मनगटात गोळ्या परतवणाऱ्या कंकणांची जोडी. पोरांनी तिला डोक्यावर घेतलं. मग प्रकाशक गेन्स यांनी एक गंमत केली. वाचकांनाच विचारलं, की ती बाई असली तरी तिला जस्टिस सोसायटीत घ्यावं का? पहिली १८०१ उत्तरं मोजली, त्यात १२६५ मुलगे आणि ३३३ मुली ‘हो’ म्हणाल्या. ‘नाही’ म्हणणारे मुलगे १९७. आणि मुली सहा.

त्या सहा मुलींचा मी बराच वेळ विचार करत बसले होते. दहा-बारा वर्षांच्या असतील. काय वाटलं असेल त्यांना? मुलांच्या खेळात आपण गेलो तर खेळच मोडेल, असं?

तर, दणदणीत बहुमतानं वंडर वूमन सोसायटीत आली. आणि तिला काम मिळालं सेक्रेटरीचं! आपल्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी म्हणजे बडं प्रस्थ, तशी ही सेक्रेटरी नव्हे. ही टिपणं घेणारी, टपालाला उत्तरं देणारी. १९४२ मध्ये बाकीचे वीर महायुद्धावर निघाले तेव्हा, जिला विमानांशी झुंजता येतं अशी ही बाई, त्यांना शुभेच्छा देऊन ऑफिस सांभाळत मागे राहिली. या टोळीच्या कथा गार्डनर फॉक्स लिहीत असे. मार्स्टन त्याच्यावर इतका वैतागला, की तेराव्या अंकातलं वंडर वूमनचं प्रकरण त्यानं स्वतः पुन्हा लिहून काढलं. त्यात ती थेट शुक्रावर जाऊन पराक्रम करते. पुढच्या अंकांत पुन्हा आपली वही.

खरं तर प्रकाशकाकडे याचं सबळ कारण होतं. ज्या हिरोचं स्वतःचं मासिक निघेल त्यानं सोसायटीत फक्त मानद सदस्य राहायचं, असा नियम होता आणि वंडर वूमनचं मासिक १९४२च्या उन्हाळ्यात सुरू झालं. नियम तो नियम. पण सुपरमॅन आणि बॅटमॅनही मानदच होते की! त्यांच्यापुढे कुणी वही सरकवली नाही. ते क्वचितच फिरकत, आणि तरी त्यांचा मान शाबूत.

मार्स्टनच्या घरची कथा तर त्याच्या कॉमिक्सपेक्षा रंगतदार आहे. बायको एलिझाबेथ वकिलीचं शिक्षण घेतलेली, नोकरी करून घर चालवणारी. त्याच घरात दुसरी बाई, ऑलिव्ह बर्न. मुलं दोघींना मिळून चार, आणि चौघांनाही सांभाळायची ऑलिव्ह. वंडर वूमनची ती कंकणं ऑलिव्हच्या हातातल्या कड्यांवरून आली. ही ऑलिव्ह कोण? संततिनियमनाचा झेंडा उचलणाऱ्या मार्गारेट सँगरची सख्खी भाची! १९१६ मध्ये ब्रुकलिनमध्ये या कामाचं अमेरिकेतलं पहिलं केंद्र उघडलं ते सँगर आणि तिची बहीण एथेल बर्न यांनी. पुढच्या वर्षी एथेलनं तुरुंगात उपोषण केलं आणि तिला जबरदस्तीनं अन्न भरवलं गेलं. एथेल ही ऑलिव्हची आई. वंडर वूमनला जुन्या चित्रांत सारख्या साखळ्या बांधलेल्या दिसतात. त्यात मार्स्टनच्या स्वतःच्या आवडीनिवडी होत्याच, त्यावर तेव्हाही टीका झाली. पण साखळ्या तोडणारी बाई हे मताधिकाराच्या चळवळीतलंही चित्र होतं, आणि ते या घरात फार जवळून आलेलं.

याच सँगरबाई डिसेंबर १९३५ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटल्या होत्या. गांधीजींनी संयमाचा मार्ग सांगितला, बाईंना तो पटला नाही. आणि आपल्या मुंबईत र. धों. कर्वे तर १९२१ पासूनच संततिनियमनाचं केंद्र चालवत होते, पुढे ‘समाजस्वास्थ्य’पायी कोर्टकचेऱ्याही सोसत होते. लाल-निळ्या पोशाखातल्या त्या परदेशी बाईचा धागा असा फिरत-फिरत वर्ध्यापर्यंत येईल, हे मला स्वप्नातही सुचलं नसतं.

आणखी एकीचं नाव सांगितलंच पाहिजे. जॉय हमेल. सेक्रेटरी घडवणाऱ्या एका प्रसिद्ध संस्थेत शिकणारी मुलगी. मार्स्टन तिथं मानसशास्त्र शिकवायचा. परीक्षेतली तिची उत्तरं वाचून १९४४ मध्ये त्यानं तिला मदतीला घेतलं. टायपिंगपासून सुरुवात झाली आणि बघता-बघता ती पूर्ण कथाच लिहू लागली, सत्तरहून अधिक. तेव्हा ती विशीतली. त्यातल्या एकीवरही तिचं नाव छापलं गेलं नाही. १९४७ मध्ये मार्स्टन गेला, तिचं लग्न झालं, तिनं काम सोडलं. २०१८ मध्ये तिला बिल फिंगर पुरस्कार मिळाला तेव्हा ती चौऱ्याण्णव वर्षांची होती. २०२१ मध्ये ती गेली. म्हणजे पानावर सेक्रेटरी करून ठेवलेल्या नायिकेला पराक्रम मिळवून दिले ते सेक्रेटरी व्हायला शिकलेल्या एका मुलीनं!

पुढच्या टोळ्यांचं गणितही फार वेगळं नव्हतं. १९६०ची जस्टिस लीग, सात जणांत एक वंडर वूमन. १९६१चे फँटॅस्टिक फोर, चौघांत एक स्यू, आणि तिची शक्ती काय, तर अदृश्य होणं! नावही ‘इन्व्हिजिबल गर्ल’. लग्न झालं, मूल झालं तरी गर्लच. ‘वूमन’ व्हायला तिला १९८५ उजाडलं. १९६३च्या अकराव्या अंकात वाचकांची तक्रार येते की ही काहीच करत नाही, तेव्हा तिचा होणारा नवरा लिंकनच्या आईचा दाखला देतो. लिंकनच्या दृष्टीनं ती सगळ्यात महत्त्वाची होती म्हणे! कुठं ऐकल्यासारखं वाटतं ना? बदललं ते हळूहळू. एक्स-मेनची स्टॉर्म १९८०मध्ये टोळीची प्रमुख झाली, ॲव्हेंजर्सची सूत्रं थोड्याच काळात वास्पकडे आली.

आता लेकीचं ते कोरं पुस्तक. ‘ॲबसोल्यूट वंडर वूमन’. पहिला अंक ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाला आणि २०२५ मध्ये नव्या मालिकेसाठीचा आयस्नर पुरस्कार तिनं पटकावला. लेखिका केली थॉम्प्सन, चित्रं हेडन शर्मन यांची. लेखिकेचं नाव मुखपृष्ठावर ठळक, हे मी आधी पाहिलं. जॉय हमेलचं वाचून झालं होतं ना!

या डायनाला बेट नाही, बहिणी नाहीत, राजवाडा नाही. देवांनी ॲमेझॉन स्त्रियांना शिक्षा केली आहे आणि अपोलो तान्ह्या डायनाला पाताळात आणून सर्सी नावाच्या चेटकिणीच्या ओटीत टाकतो. सर्सी स्वतःच शिक्षा भोगणारी. तिला मूल नको असतं. पण पोर काही ऐकत नाही, पाताळातल्या अक्राळविक्राळ प्राण्यांनाही जीव लावते, आणि चेटकीण हळूहळू आई होते. जुन्या वंडर वूमनला शक्ती देवांनी दिलेली. हिला आईनं शिकवलेली, एकेक मंत्र करून. ही सांगाडा झालेल्या पंखांच्या घोड्यावर बसते, अंगाएवढी तलवार वागवते, पण बोलते मात्र अगदी मायेनं. स्टीव्ह नावाचा माणूस पाताळात अडकतो, त्याला परत पाठवायला ती स्वतःचा उजवा हात देऊन टाकते. आणि पुढे आपण हात दिला म्हणून ऐकवत बसत नाही. मला ती फार आवडली. सर्सी तर जास्तच. नको म्हणत-म्हणत मूल वाढवलेल्या किती जणी आपल्या घराघरांत आहेत. आजोळी मावशीकडे टाकलेली पोरं, दुसरेपणावर आलेल्या आया. त्यांच्यावर सुपरहिरोचं पुस्तक निघेल असं कुणाला वाटलं होतं?

तरी लेकीला म्हटलं, मला एक खटकतं. इथं टेबलच नाही. निदान या पहिल्या खंडात तरी या डायनाला सोसायटी नाही, मीटिंग नाही, म्हणून वहीही नाही. बाईला पूर्ण कथा द्यायची तर तिला एकटीच काढायची का? जुन्या अंकांत ती टेबलाशी होती, हातात चुकीची वस्तू होती एवढंच. त्या टेबलाची एक मजा असते. आठ जणांनी आठ प्रकारे भांडायचं, शेवटी एकत्र निघायचं. ती मजा तिला का मिळू नये? लेक म्हणाली, ‘आई, तू वर्षभर कमिटी सोडायचं म्हणते आहेस. सोडलीस तर तू पण ॲबसोल्यूट. चालेल?’

राजीनामा खरंच लिहून ठेवला होता, त्याच पर्समध्ये, गच्चीच्या कागदाशेजारी.

गेल्या महिन्यातल्या मीटिंगला गेले. टेबलावर वही ठेवली आणि विचारलं, ‘आज मिनिट्स कोण लिहिणार?’ सगळे माझ्याकडे बघत राहिले. ‘म्हणजे? तुम्ही नाही?’ मी वही उजवीकडे सरकवली. बँकेतून रिटायर झालेल्या काकांनी खिसे चाचपून चष्मा नसल्याचं जाहीर केलं, चष्मा कपाळावर असताना. त्यांच्या पुढच्यांचा हात दुखत होता. वही फिरत-फिरत बी विंगमधल्या नव्या मुलापाशी पोचली. त्यानं निमूट पेन काढलं.

मी गच्चीवर सलग दहा मिनिटं बोलले. तीन कंत्राटदारांचे दर, वॉटरप्रूफिंगची गॅरंटी, पावसाळ्याआधी किती दिवस उरलेत, सगळं. सह्यांसाठी वही माझ्याकडे आली तेव्हा त्यात एवढंच होतं, ‘वहिनींनी गच्चीबाबत मत मांडले.’ मी ती ओळ त्याला खोडायला लावली. माझं नाव आणि आडनाव घालायला सांगितलं, तिन्ही दर आकड्यांत लिहून घेतले आणि मग सही केली.