विश्लेषण : ढोल-ताशा पथकात वाजवायला शिकतात कसे?

शिवराज्याभिषेक दिनी, 6 जूनला, रायगडावर येणाऱ्या गर्दीत ढोल-ताशा पथकेही असतात. पायथ्याच्या हिरकणीवाडीपासून महाड-पोलादपूरपर्यंतच्या अनेक मुला-मुलींच्या मनात तो गजर ऐकून एकच प्रश्न येतो, आपल्याला हे वाजवता येईल का? येते. संगीताचे शिक्षण लागत नाही, स्वतःचे वाद्यही लागत नाही. मात्र जे लागते ते बहुतेकांच्या अंदाजापेक्षा वेगळे असते.

पथक ही कल्पना आली कुठून?

समूहवादन रायगडाला नवे नाही. राजसभेसमोरच्या दरवाजावर नगारखाना आहे, आणि तिथला हलका आवाजही सिंहासनाच्या जागेपर्यंत पोहोचतो, हे वाटाडे आजही पर्यटकांना दाखवतात. कोकणातल्या गावांत शिमग्याच्या पालखीपुढे ढोल, टिमकी आणि सनईचा खालूबाजा वाजतो. आजचे गणवेशातले हौशी पथक मात्र पुण्यात घडले. गणेश विसर्जन मिरवणुकीत पूर्वी मुळशी-मावळातल्या गावांचे ढोल-लेझीम संघ येत. पुढे अप्पा पेंडसे यांनी 1962 मध्ये स्थापन केलेल्या ज्ञान प्रबोधिनीच्या विद्यार्थ्यांनी ढोल गळ्यात घेतला. मग इतर शाळांची पथके निघाली, मुलीही वाजवू लागल्या आणि ही रीत राज्यभर पसरली.

आधी कोण वाजवत असे?

हा प्रश्न महाडमध्ये टाळता येत नाही. गावगाड्यात वाजवणे ही हौस नव्हती. काही जातींच्या वाट्याला आलेले ते काम होते, आणि त्याला नकार देण्याची मुभा नव्हती. याच महाडमध्ये 19 आणि 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली परिषद आणि चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. मेलेली जनावरे ओढणे, उष्ट्या अन्नावर जगणे अशा लादलेल्या गोष्टी सोडण्याचा आग्रह या चळवळीने धरला. त्याच ओघात अनेक गावांत सणासमारंभात वाजवण्याची सक्तीही झुगारली गेली. तेव्हा पथकात ‘कोणीही यावे, कोणीही वाजवावे’ असे म्हटले जाते, ते वरवर दिसते तेवढे साधे वाक्य नाही. ज्या घरांनी सन्मानासाठी वाद्य खाली ठेवले, त्या घरातला मुलगा आज स्वखुशीने ढोल बांधतो, तेव्हा त्याच्या आजोबांना काय वाटत असेल, याचा विचार पथकप्रमुखांनी करायला हरकत नाही.

प्रत्यक्ष शिकवतात काय?

ब्रास बँडमध्ये समोर लिहिलेली स्वरलिपी असते. इथे कागद नाही. सगळे बोलांवर आणि कानावर चालते. नवख्याला आधी टाळीवर किंवा मांडीवर ठेका धरायला लावतात. तो न चुकता धरता आला की कमरेला ढोल येतो. एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थापी. टिपरू मनगटातून फिरले पाहिजे. खांद्यातून जोर लावणाऱ्याचा हात पाच मिनिटांत भरून येतो आणि तळहाताला फोड येतात. वाजवण्याच्या ठरलेल्या रचनांना ‘हात’ म्हणतात. गावठी, भजनी अशी त्यांची नावे असतात, आणि एकाच नावाचा हात दोन पथकांत वेगळा असू शकतो.

सगळ्यांचे लक्ष ताशावर असते. ताशा आकाराने लहान, पण पथकाची लगाम त्याच्याकडे. दोन काड्यांनी काढलेली तर्री ऐकून ढोलवाले पुढचा हात उचलतात, वेग वाढवतात, थांबतात. त्यामुळे ताशा नवख्याला देत नाहीत. झांज सोपी समजली जाते, पण ती अर्धी मात्रा जरी मागे पडली तरी सगळ्यांना कळते. पन्नास ढोलांत एक चुकलेला ढोल लपतो, चुकलेली झांज लपत नाही.

खरी कसोटी ठोका मारण्यात नाही, न मारण्यात आहे. सगळे थांबले की आपणही त्याच क्षणी थांबायचे. उत्साही मुलांना हेच शिकायला सर्वांत जास्त दिवस लागतात.

सराव कधी?

बहुतेक पथकांचा सराव गणपतीच्या दीड-दोन महिने आधी सुरू होतो. महाड-पोलादपुरात नेमके तेच भातलावणीचे आणि धो धो पावसाचे दिवस. कातडी पान ओले झाले की सैल पडते, आवाज बसतो, मग ते शेकावे लागते. म्हणूनच फायबरची पाने सर्वत्र झाली. ती पावसाला दाद देत नाहीत, पण त्यांचा आवाज कर्कश असतो, ही जुन्या वादकांची तक्रार अगदीच खोटी नाही.

आवाजाचे काय?

ध्वनिप्रदूषण नियम 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 30 ऑगस्ट 2024 रोजी पुण्यातील पथकांत 30 पेक्षा जास्त जण नकोत असा निर्देश दिला. सर्वोच्च न्यायालयाने 12 सप्टेंबरला त्याला स्थगिती दिली. वाद लोकांच्या त्रासाचा होता. वादकाच्या स्वतःच्या कानांबद्दल फारसे कोणी बोलत नाही. 85 डेसिबलचा आवाज आठ तास सहन होतो असे मानले, तर दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला फक्त पंधरा मिनिटे. मिरवणूक तासन्‌तास चालते. औषधाच्या दुकानात मिळणारे कानातले बोळे गणवेशाइतकेच सक्तीचे असायला हवेत. वाजवून झाल्यावर कानात ‘कुई’ असा आवाज येत राहिला, तर ती थकव्याची नव्हे, इजेची खूण असते.

मग सनई?

पथकात ती शिकवत नाहीत. पालखीपुढे मात्र तिच्याशिवाय भागत नाही. फुंक न तोडता, नाकाने श्वास घेत गालातल्या हवेवर सूर धरून ठेवायचा, हे दोन महिन्यांच्या सरावात जमत नाही. त्यासाठी वाजवणाऱ्याजवळ काही वर्षे बसावे लागते. शिमग्याला ज्यांच्या गावात अजून सनईवाला येतो, त्यांनी त्याला सुपारी देतानाच विचारून ठेवावे, शिकवणार का म्हणून.