पर्माकल्चर शिकायचं ते सोसायटीनं

आज नवी मुंबई जिथे उभी आहे, तिथल्या खाडीकाठच्या बऱ्याच जमिनीवर पन्नास-साठ वर्षांपूर्वी खारभात पिकत होतं. आगरी शेतकऱ्यांनी भरती रोखायला मातीचे बांध घातले होते आणि त्यांत उघाड्या ठेवल्या होत्या. भरतीला उघाडी बंद व्हायची, ओहोटीला उघडायची. शेतातलं जादा पाणी खाडीत जायचं, खारं पाणी आत यायचं नाही. १९७० मध्ये नवं शहर वसवायला सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादित झाल्या, शेतं भरावाखाली गेली. तरी पाण्याचा हिशेब बदलला नाही. शहराच्या अभियंत्यांनी जे धारण तलाव बांधले, त्यांचं काम उघाडीसारखंच चालतं : भरतीत झडपा बंद, पाऊस तलावात, ओहोटी लागली की पाणी खाडीत. जागेचं म्हणणं आधी ऐकायचं आणि मग रचना करायची, हे इथल्या मातीला नवं नाही.

पर्माकल्चरचं मूळ सूत्र हेच आहे. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी ऑस्ट्रेलियात त्याची मांडणी केली, १९७८ मध्ये त्यावरचं पहिलं पुस्तक आलं आणि २०१७ मध्ये त्याचा जागतिक मेळावा हैदराबादला भरला. अनेकजण त्याला सेंद्रिय भाजीपाल्याचंच दुसरं नाव समजतात. खरं तर ती आखणीची विद्या आहे. पाणी कुठून येतं, कुठे जातं, ऊन कुठे टिकतं, पालापाचोळा कुठे पडतो, माणसं रोज कुठून ये-जा करतात, हे पाहून कशाला कुठे जागा द्यायची ते ठरवायचं. कोकणातल्या घरांत न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू लावतात, तो याच विचाराचा नमुना.

अडचण शिकवण्याच्या पद्धतीत आहे. या विषयाचा रूढ अभ्यासवर्ग बहात्तर तासांचा. तो बहुधा शहराबाहेरच्या एखाद्या शेतावर, इंग्रजीत आणि सलग दिवसांत उरकला जातो. शिकणारा परत येतो तो फ्लॅटमध्ये. तिथे गच्ची, पावसाचे पाइप, गटार, कंपाउंडमधली झाडं यांतलं काहीच त्याच्या एकट्याच्या मालकीचं नाही, सगळं सोसायटीचं. मग शिकलेलं खिडकीतल्या चार कुंड्यांत मावतं. म्हणून माझं म्हणणं असं की नवी मुंबईत हा विषय व्यक्तीला नव्हे, सोसायटीला शिकवावा. वर्ग सोसायटीच्या आवारातच, पावसाळा-हिवाळा-उन्हाळा असा वर्षभर पसरलेला, मराठी-हिंदीत व्हावा आणि त्यात माळी व सफाई कामगार पगारी वेळेत बसावेत. पाला रोज त्यांच्याच हातातून जातो.

एका इमारतीची गच्ची पाचशे चौरस मीटर धरा. इथला पावसाळा दोन-अडीच हजार मिलिमीटरचा. दोन हजार धरले तरी त्या एका छपरावर चार महिन्यांत दहा लाख लिटर पाणी पडतं आणि गटारात जातं. पालिकेकडे मोरबे धरण असताना हे कशाला, असं विचारलं जातं. पण पिण्यासाठी शुद्ध केलेलं पाणी बागेला आणि गाड्या धुवायला वापरणं, हे मोरब्यावरचं उगाच ओझं आहे. मात्र प्रत्येक ठिकाणी शोषखड्डा खणून भागणार नाही. पारसिक डोंगराच्या पायथ्याशी तो चालेल. खाडीलगतच्या भरावावर भूजल वरच लागतं, तिथे टाकीच हवी. पुस्तकातला आराखडा इथे जसाच्या तसा उतरवता येत नाही तो यामुळे.

दुसरी संपत्ती पाचोळ्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडाखालचा पाला पोत्यांत भरून बाहेर धाडला जातो आणि त्याच सोसायट्या बागेसाठी खत विकत घेतात. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरहून मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं होतं, आणि त्याचं खत नीट होतं ते या पाल्यामुळे. एक घमेलं ओला कचरा, त्यावर दोन घमेली सुका पाला, असे थर. मूठभर काढून दाबलं तर थेंब-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाला वाढवायचा, थेंबच आला नाही तर पाणी शिंपडायचं. वास आणि उंदीर येतात ते बहुधा हे प्रमाण चुकल्यावर.

गच्चीबद्दलचा आक्षेप मात्र रास्त आहे. एक फूट जाडीची ओली माती चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास भरते. माणसांचा वावर असलेल्या गच्चीवर साधारणपणे दीडशे किलोचाच चल भार धरलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय गच्चीवर वाफे नकोतच. यावरही मराठी माणसानं काम केलं आहे. कोल्हापूरच्या श्रीपाद दाभोळकरांनी प्रयोग परिवारातून पाला-पाचोळ्याच्या हलक्या, सकस मातीची रीत रुजवली, आणि मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर २००२ पासून प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर फळझाडं-भाजीपाला उभा केला. दाभोळकरांकडून घ्यायची ती रीत एवढीच नव्हे. त्यांनी शेतकऱ्यांना एकमेकांचे प्रयोग पाहून शिकायला लावलं. शेजारच्या सोसायट्यांनाही तसं शिकता येईल.

एवढं करून शहराचं पोट भरेल का? नाही. तुर्भ्याच्या बाजार समितीची जागा कुणाची गच्ची घेणार नाही, आणि तसा दावा करणाऱ्यांनी या विषयाचं नुकसानच केलं आहे. साध्य होतं ते वेगळं : कचऱ्याची गाडी हलकी होते, उन्हाळ्यात टँकर कमी लागतो, आणि अळू, कढीपत्ता, शेवगा दारात मिळतो. हौशी, सुखवस्तू लोकांचा खेळ ही टीकाही खरी ठरेल, जर वर्गात फक्त फ्लॅटमालक बसले तर.

सोसायट्यांची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावीच लागते. यंदाच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घाला : आपल्या छपराचं पाणी आणि आपल्या झाडांचा पाला पुढच्या वर्षी कुठे जाणार?