वर्गातला तास आणि मैदानावरचा डाव

मी शिरूरला इंग्रजी शिकवतो. घर दौंडला. त्यामुळे चौफुला-न्हावरा रस्ता आणि एस.टी. यांच्याशी जुनी ओळख. दोन्ही गावांतले पालक मला एकच प्रश्न विचारतात, "सर, पोरगं मैदानावरच असतं. अभ्यास करणार कधी?" यामागे एक समज पक्का बसलेला आहे. तो असा की, पुस्तक आणि खेळ या दोन सवती आहेत, एकीला घरात घेतलं की दुसरीला बाहेर काढावं लागतं.

या समजाला उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. प्रा. दिनकर बळवंत देवधर. जन्म पुण्यात, १४ जानेवारी १८९२. पुण्याच्या स. प. महाविद्यालयात ते संस्कृत शिकवत. त्या काळी क्रिकेटवर घर चालत नसे. चूल पेटायची ती मास्तरकीवर. पण वर्गात शिकवणाऱ्या या माणसाने १९२६ साली गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत १४८ धावा काढल्या. भारत पहिली कसोटी खेळला १९३२ मध्ये. तेव्हा देवधर चाळीस वर्षांचे होते. त्या संघात ते नव्हते आणि पुढेही कधी कसोटी खेळले नाहीत.

दुसरा कोणी असता तर बॅट माळ्यावर टाकली असती. देवधरांची खरी कमाई मात्र त्यानंतरची आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं रणजी करंडक जिंकला. त्यांच्याच संघात विजय हजारे यांनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या. पुढच्या मोसमात मुंबईविरुद्ध स्वतः देवधरांनी २४६ काढल्या, तेव्हा वय होतं ४८. बावन्नाव्या वर्षानंतर, नवानगरविरुद्ध, त्यांनी एकाच सामन्यात दोन शतकं केली! २४ ऑगस्ट १९९३ रोजी ते गेले, तेव्हा आयुष्याचंही शतक पुरं झालेलं होतं.

माझ्या विषयातलं उदाहरण हवं असेल, तर ते अमेरिकेत सापडतं. बार्ट जियामाटी हे येल विद्यापीठात इंग्रजी आणि तौलनिक साहित्याचे प्राध्यापक. १९७८ ते १९८६ ते विद्यापीठाचे अध्यक्ष होते. लहानपणापासून बेसबॉलचे, त्यातही बोस्टनच्या रेड सॉक्स संघाचे वेडे. बेसबॉलमध्ये चेंडू मारून फलंदाजाने तीन तळांना वळसा घालायचा आणि जिथून निघाला तिथेच परत पोचायचं, तेव्हा एक धाव. त्या जागेला ते 'होम' म्हणतात. घर सोडून पुन्हा घरी येण्याची ही गोष्ट साहित्याच्या माणसाला भावली नाही तरच नवल. १९८९ साली जियामाटी अमेरिकन बेसबॉलचे आयुक्त झाले आणि त्याच वर्षी, पदावर असतानाच, वारले.

या दोघांकडून मी काय घेतलं? संस्कृतचं रूप असो वा इंग्रजीचा उच्चार, तो एका दिवसात येत नाही. फटकाही येत नाही. दोन्हीकडे तीच गोष्ट शंभर वेळा, न कंटाळता करावी लागते. चूक झाली की दुसऱ्या दिवशी पुन्हा उभं राहावं लागतं. ज्या मुलाला मैदानाने हे शिकवलं, त्याला व्याकरण शिकवणं मला सोपं जातं.

प्रत्येक मूल देवधर होणार नाही, हे खरं. म्हणून पालकांना माझं एवढंच सांगणं आहे. दहावी-बारावीच्या वर्षी वेळापत्रक जरूर आखा. पण त्यात संध्याकाळचा एक तास मैदानासाठी राखून ठेवा. तो तास अभ्यासातून वजा होत नाही, अभ्यासात जमा होतो.