आठ इंचांचा केक, साठ पाहुणे

यंदा जानेवारीत आमच्या कंपूतल्या घरी आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. पूजा, ओवाळणं, पंगत, सगळं ठरलेलंच होतं. पुतणीनं मात्र दोन महिने आधीच सांगून टाकलं, "आजीचा केक मीच करणार. बाड्यावरून विकतचा आणायचा नाही." ती अकरावीत आहे. तिच्या हातचा आठ इंची गोल, बिनअंड्याचा दह्याचा केक घरात सगळ्यांना आवडतो. पण तो दहा-बारा जणांना पुरतो आणि पाहुणे होते साठ.

आजीला यात अवघड काय तेच कळेना. "शिरा नाही का करत? वाटीच्या जागी पातेलं घ्यायचं!"

पुतणीनं शेजारून बारा इंची भांडं आणि मोठा ओटीजी मागून घेतला. आठाचे बारा झाले म्हणजे दीडपट, म्हणून सगळं साहित्य दीडपट घेतलं. केक निघाला तो जाड भाकरीसारखा. पुढच्या रविवारी हात सैल सोडून तिप्पट घेतलं. या वेळी कडा करपल्या, मधोमध खड्डा पडला आणि सुरी घातली तर आत कच्चं पीठ. त्या संध्याकाळी ती जेवायलाही आली नाही. महागाचं साहित्य वाया गेल्याचं तिला वाईट वाटत होतं, त्याहून जास्त आजीला दिलेल्या शब्दाचं.

गंमत म्हणजे या दोन्ही चुकांचं उत्तर तिच्याच गणिताच्या वहीत होतं. भांड्याची रुंदी इंचात मोजतात, पण पीठ पसरतं ते क्षेत्रफळावर, आणि वर्तुळाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाप्रमाणे वाढतं. आठ इंचीची त्रिज्या चार, वर्ग 16. बारा इंचीची सहा, वर्ग 36. छत्तीस भागिले सोळा, म्हणजे सव्वादोनपट. दीडपट पिठात केकची उंची दोन-तृतीयांशच राहिली आणि तिप्पट पिठात ती एक-तृतीयांशाने जास्त झाली. उष्णतेचा हिशेब तर आणखी कडक. जाडी दुप्पट झाली, तर मधोमध ऊब पोहोचायला दुप्पट नव्हे, साधारण चौपट वेळ लागतो. तोवर कडांचा कोळसा होतो.

शिऱ्याचं तसं नसतं, कारण तो आपण हलवतो. तळाची ऊब उलथनं वर आणत राहतं, म्हणून आजी दहा जणांचा शिरा शंभर जणांचा सहज करू शकते. केक एकदा भट्टीत गेला की त्याला हात लावता येत नाही.

राहिला सोडा आणि बेकिंग पावडर. इथे नुसतं गुणाकारावर जाऊ नये. मोठ्या केकचा मधला भाग उशिरा घट्ट होतो. तोवर वायू निघून गेला, तर फुगलेला केक खाली बसतो. रोझ लेव्ही बेरनबॉम यांच्या 1988 सालच्या 'द केक बायबल' या गाजलेल्या पुस्तकातही हेच सांगितलं आहे, की भांडं जितकं मोठं, तितकं मैद्याच्या मानानं पावडरीचं प्रमाण कमी. एकच मोठा केक हवा असेल, तर साहित्य सव्वादोनपट पण पावडर दुप्पटच, आच 180 ऐवजी 160 अंश, वेळ तासाभराच्या आसपास, आणि भांड्याच्या कडेला बाहेरून ओल्या फडक्याची पट्टी फॉइलमध्ये गुंडाळून बांधायची. तिनं कडा उशिरा शिजतात आणि केक सपाट फुगतो.

पण साठ जणांना तोही पुरला नसता, आणि त्याहून मोठं भांडं घरच्या ओटीजीत मावत नाही. शेवटी आम्ही मोदकांची रीत धरली. शंभर माणसं आली म्हणून कुणी मोदक मोठा करत नाही, मोदक वाढवतात. तसे आठ इंचांचे चार चौकोनी केक करून जोडायचे, म्हणजे सोळा बाय सोळाचा एक केक. दोन-दोन इंचांचे बरोबर 64 तुकडे.

आठ इंची चौकोनात आठ इंची गोलापेक्षा जास्त पीठ मावतं, साधारण सव्वापट. म्हणून तिच्या गोल केकच्या 190 ग्रॅम मैद्याचा झाला 240 ग्रॅम, दही 250 चं 310, साखर 150 ची 190 आणि तेल 120 मिलीचं 150. पावडर सव्वा चमच्याची दीड चमचा आणि सोडा अर्ध्या चमच्याहून किंचित जास्त. भांड्याची उंची तीच, म्हणून आच 180 अंशच ठेवली आणि वेळही पस्तीसेक मिनिटं.

एक पथ्य मात्र पाळावं लागलं. सोडा दह्याला लागला की लगेच काम सुरू करतो, मग पीठ ताटकळत ठेवता येत नाही. एकदम चौपट भिजवलं असतं, तर चौथ्या केकची पाळी येईपर्यंत त्यातला दम निघून गेला असता. म्हणून तिनं मैदा, पावडर आणि सोडा चाळून चार डब्यांत वेगवेगळा भरला आणि दर केकचं दही आयत्या वेळी फेटलं. ग्वाल्हेरच्या जानेवारीत दही बर्फासारखं असतं, ते आदल्या रात्रीच फ्रिजबाहेर काढून ठेवलं होतं.

(महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेच्या तुकड्यांना 'कंपू' म्हणत. त्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरातही चार डबे असेच कवायतीला उभे होते.)

केक पूर्ण गार झाल्यावर फुगलेले माथे सुरीनं सपाट केले, सांध्यांना जॅम लावला आणि पुठ्ठ्यावर चारही जोडून वरून चॉकलेट-क्रीम ओतलं. थंडीत ते पटकन घट्ट झालं आणि सांधे झाकले गेले. एक कोपरा जरा बसका होता, तिथे 'आजी' मधला 'आ' आला. माथ्यांच्या कापांचा दोन दिवस फडशा पडला, ते वेगळंच.

आयत्या वेळी पाहुणे झाले सदुसष्ट. पुतणी पुन्हा रडवेली. आजीनं तिच्या हातातली सुरी घेतली, आपल्या वाटणीच्या तुकड्याचे चार भाग केले, एक तोंडात टाकला आणि म्हणाली, "घे, झाले की नाही पुरते?"