चौथा खांदा

रायचूरला लक्ष्मीबाई डोंगरे वारल्या तेव्हा त्यांना खांदा द्यायला माणसं मिळेनात. दक्षिणेत दुष्काळ पडलेला, मुलूख परका, जवळ दमडी नाही. थोरला मुलगा श्रीनिवास आणि दया येऊन पुढे झालेले दोन ब्राह्मण, असे तिघे कसेबसे जमले. चौथी झाली ती मेलेल्या बाईची धाकटी मुलगी. उंचीने ती इतकी कमी होती, की तिरडी खांद्यावर पेलेना. तिने ती डोक्यावर घेतली.

ही मुलगी म्हणजे पंडिता रमाबाई.

पोटासाठी बाटली, हा आपल्याकडचा जुना टोमणा. दुष्काळात होरपळलेल्या आणि पुढे ख्रिस्ती झालेल्या बाईला तो चिकटवणं सोपंच. पण सनावळी पाहिली की तो लटका पडतो. वडील अनंतशास्त्री वारले १८७४ मध्ये, काही महिन्यांतच आई गेली, मग थोरली बहीण. रमाबाईंचा बाप्तिस्मा मात्र इंग्लंडमधल्या वाँटेजला, २९ सप्टेंबर १८८३ रोजी. भूक आणि बाप्तिस्मा यांत नऊ वर्षं आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी त्या उपाशी तर नव्हत्याच, उलट ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या त्यांच्या पदरी होत्या.

मग त्या उपासमारीने केलं काय? तिने देवाला विचारायचा प्रश्न ठरवून दिला.

अनंतशास्त्री बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवणारे. त्यापायी त्यांनी लोकांचा रोष सोसला. एरवी ते पक्के सनातनी. आहे ते सगळं दानधर्मात आणि तीर्थयात्रांत घातलं, अखेरीस अनुष्ठानांवर भिस्त ठेवली. देव काही बोलला नाही. घरातलं विकून झालं, मग रानातला पाला खायची पाळी आली. आईच्या आजारपणात रमाबाई एका घरी भाकरीचा तुकडा मागायला गेल्या, तर तोंडातून शब्द फुटेना, नुसते डोळे वाहत राहिले. त्या घरच्या बाईनेच ओळखलं आणि मायेने भाकरी दिली. हजारो श्लोक जिच्या जिभेवर, तिची जीभ एवढ्याशा मागणीला अडखळली. ही हकीकत त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवली आहे.

त्यानंतरची वर्षं भावाबरोबर पायी भटकण्यात गेली. झेलमकाठच्या थंडीत अंगावर पांघरूण नाही म्हणून दोघांनी वाळूत खड्डे खणले आणि गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली. १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचेपर्यंत मूर्तींवरचा विश्वास उडाला होता, श्रीनिवासचाही. पण त्या जागी लगेच दुसरं काही आलं नाही. ब्राह्मो मंडळींशी ओळख झाली, केशवचंद्र सेनांनी वेद वाचायला दिले. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी विपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं, आणि दोन वर्षांच्या आत पटकीने तेही गेले. कडेवर लेक मनोरमा.

पुढे त्या इंग्लंडला गेल्या. तिथे मनाला लागलं ते तत्त्वज्ञान नव्हतं. तिथल्या धर्मभगिनींनी त्यांना ‘पतित’ म्हटल्या जाणाऱ्या स्त्रियांचा आश्रम दाखवला. या बायकांना कुणी जवळ का करावं, असं रमाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांना विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीला ख्रिस्त भेटल्याची गोष्ट सांगण्यात आली. ज्या मुलीच्या आईला चौथा खांदा मिळाला नव्हता, तिला ही गोष्ट कुठे लागली असेल, हे समजायला फार अक्कल लागत नाही.

अर्थात, अशी माणसं कुणाला सुखाने जगू देत नाहीत. बाप्तिस्मा झाल्यावरही त्या त्रैक्यावर वाद घालत राहिल्या. एका पुरोहितवर्गाचं जोखड उतरवून दुसऱ्याचं मानेवर घ्यायला त्या तयार नव्हत्या. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार याच खडाखडीचा. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास सापडला, असं त्या स्वतःच सांगत. इकडे पुण्यात त्यांनीच चालवलेल्या शारदा सदनातल्या विधवा ख्रिस्ती धर्माकडे झुकताहेत म्हणून गहजब झाला, आणि १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागारपद सोडलं. दोन्हीकडून बोलणी खाणारी बाई.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाई तिथे गेल्या, हाडांचे सापळे झालेल्या मुली त्यांनी पाहिल्या आणि शेकडो मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तेच मुक्ती मिशन. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. आत विहिरी, शेती, माग, अंध मुलींसाठी ब्रेल, आणि रस्त्यावर टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन. मुलींना पोथी देण्याआधी भाकरी द्यायची, हा क्रम रमाबाईंना कुणी शिकवावा लागला नाही.

पोथीही दिली, पण वेगळी. वडिलांनी बाईमाणसाला संस्कृत दिलं. मुलीने हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबल मराठीत आणायला घेतलं. खेड्यातल्या बाईला कळेल अशीच भाषा हवी, म्हणून संस्कृत शब्द निवडून बाजूला काढायचे. असं करायला संस्कृत उत्तम यावं लागतं, ही त्यातली गंमत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. छापील बायबल बाहेर पडलं त्यानंतर, केडगावच्याच छापखान्यातून. तिथे खिळे जुळवणारे हात मुक्तीतल्या मुलींचे होते.